चिल्लर संपली तेव्हा छापलेल्या नोटा

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

मागच्या अंकात माझ्या संग्रहातल्या दोन छोट्या नोटांची छायाचित्रं छापून आली, एक १० सेंटची आणि एक २५ सेंटची. अमेरिकेच्या सरकारनं १८६२ ते १८७६ या काळात एक डॉलरच्या आतल्या रकमांसाठी अशा कागदी नोटा काढल्या होत्या, एवढीच माहिती खाली दिली होती. तेवढ्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सांगलीत एका सहकारी बँकेच्या काउंटरवर मी नोकरीची सगळी वर्षं काढली. सुट्ट्या पैशांवरून माणसं किती हैराण होतात ते तिथं रोज पाहिलं आणि म्हणूनच या नोटांनी मला धरून ठेवलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

ताई, आमचं घराणं गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी आटवण्यात तीन पिढ्या गेल्या. छायाचित्रातल्या १० सेंटच्या नोटेवर चक्क टपालाचं तिकीट दिसतंय. ही नोट आहे की तिकीट? आणि एवढ्या किरकोळ रकमेसाठी कागद छापायची पाळी सरकारवर का आली?
– एक वाचक, विटा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच धंद्यात आहे. नाण्यातल्या चांदीला बाजारात नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे मिळू लागले, की ते नाणं गल्ल्यात थांबत नाही. अमेरिकेत तेच झालं. १८६१च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटलं. वर्षअखेरीस न्यूयॉर्कच्या बँकांनी कागदाच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. फेब्रुवारी १८६२च्या कायद्यानं सरकारनं स्वतःच्या हिरव्या पाठीच्या नोटा चलनात आणल्या, पण त्यांच्यामागे सोनं नव्हतं. युद्ध लांबत गेलं तसा कागदी डॉलर घसरला. आधी सोनं दडलं आणि १८६२च्या उन्हाळ्यात चांदीची नाणीही दिसेनाशी झाली. काही घराघरांत दडवली गेली, पुष्कळशी कॅनडाकडे गेली. पुढं तर एक सेंटचं साधं नाणंही मिळेना.

हातात डॉलरची नोट आहे आणि पाच सेंटचा पाव घ्यायचा आहे, अशा वेळी बाकीचे पैसे परत द्यायचे कशात? दुकानदारांनी स्वतःच्या चिठ्ठ्या छापल्या, पितळी बिल्ले पाडले. लोक टपालाची तिकिटं देऊ-घेऊ लागले. ती घामानं चिकटायची, फाटायची. जॉन गॉल्ट नावाच्या माणसानं ऑगस्ट १८६२मध्ये एक पेटंट घेतलं: पितळेच्या गोल चकतीत तिकीट बसवायचं आणि वरून अभ्रकाचा पातळ पापुद्रा. तिकीट दिसतं आणि खराबही होत नाही. अशा चकत्या आज फार महाग मिळतात, त्यामुळे मी त्या फक्त चित्रातच पाहते.

सरकारी तिजोरीचा प्रमुख कोषपाल होता फ्रान्सिस स्पिनर. त्यानं तिकिटं विकत घेऊन खात्याच्या कागदावर चिकटवली आणि ती सुट्टे म्हणून दिली, असं सांगतात. त्यातूनच १७ जुलै १८६२चा कायदा आला आणि २१ ऑगस्टपासून पहिल्या मालिकेच्या नोटा बाहेर पडल्या. ५, १०, २५ आणि ५० सेंट अशा चार. पाच सेंटवर जेफरसनचं तपकिरी तिकीट, दहा सेंटवर वॉशिंग्टनचं हिरवं. पंचवीस सेंटच्या नोटेवर जेफरसनची पाच तिकिटं एकमेकांवर सरकवून मांडलेली आणि पन्नासवर वॉशिंग्टनची पाच. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: ही नोटच आहे, तिच्यावर तिकिटाचं चित्र छापलं आहे. पाठीमागे गोंद नाही. पण कोणत्याही टपाल कचेरीत ती देऊन तिकिटं घेता येत होती आणि तसं तिच्यावर छापलेलंही आहे.

दहा सेंटची ही नोट सुमारे अडीच इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद आहे. उलटी केली की काळ्या शाईत बारीक मजकूर आहे. त्यात म्हटलं आहे की सरकारी भांडारात नेऊन हिच्या बदल्यात मोठ्या नोटा मिळतील, पण किमान पाच डॉलरच्या जमवून आणल्या तर. आणि सरकारचं देणं हिच्यानं फेडता येईल, पण ते पाच डॉलरच्या आतलं असलं तर. काउंटरच्या या बाजूला बसलेल्या माणसाला या दोन ओळींतलं शहाणपण लगेच कळतं. कोणी एकेक नोट घेऊन रांगेत उभा राहू नये आणि कोणी पोतंभर चिल्लर आणून मोठा कर भरू नये, याची सोय त्या तळहाताएवढ्या कागदावर केलेली आहे.

याच मालिकेत आणखी एक गंमत आहे. सुरुवातीच्या काही नोटांच्या कडा तिकिटासारख्या दातेरी आहेत. मागणी इतकी होती की पुढं भोकं पाडत बसायला वेळ राहिला नाही, मग कडा सरळ कापल्या. मागच्या बाजूला खाली उजव्या कोपऱ्यात अमेरिकन बँक नोट कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं काही नोटांवर आहेत, काहींवर नाहीत. त्यामुळे एकाच किमतीचे चार प्रकार होतात: दातेरी किंवा सरळ, आद्याक्षरांसह किंवा त्यांच्याविना. चारही जमवायचे तर वर्षं जातात, आणि मला तो वेळ फार प्रिय आहे.

काकू, मी साताऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिवराई जमवते. मोती चौकातल्या एका जुन्या मोडवाल्याकडून आणि नातेवाइकांकडून मिळालेल्या थोड्या आहेत. अमेरिकेच्या या नोटा सुरू करायच्या म्हटलं तर कुठून करू? खर्च बेताचाच करू शकते. आणि खोटं गळ्यात पडणार नाही ना?
– एक विद्यार्थिनी, सातारा

तू शिवराई जमवतेस म्हणजे झिजलेलं अक्षर वाचायची सवय तुझ्या डोळ्यांना आहे. इथं ती कामाला येईल.

एकूण पाच मालिका निघाल्या. पहिलीचं वर सांगितलं. दुसरी ऑक्टोबर १८६३पासून. तिच्यात वॉशिंग्टनच्या चेहऱ्याभोवती कांस्याच्या भुकटीचं लंबवर्तुळ आहे, कारण छायाचित्रणानं नक्कल करणाऱ्यांना ते जमू नये. आज ते बहुतेक नोटांवर काळवंडलेलं दिसतं. तिसरी डिसेंबर १८६४पासून, सगळ्यांत गुंतागुंतीची. तिच्यातच ३ सेंटची नोट आहे, आणि वॉशिंग्टनच्या मागची पार्श्वभूमी फिकट की गडद यावरून तिचेही दोन प्रकार पडतात. चौथी जुलै १८६९पासून आणि पाचवी फेब्रुवारी १८७४पासून फेब्रुवारी १८७६पर्यंत.

तू पाचवीपासून सुरुवात कर, असं मी आग्रहानं सांगेन. बहुतेक जण पहिलीच्या मोहात पडतात, कारण ती पहिली. पाचवीत फक्त तीन नोटा आहेत: १० सेंटवर विल्यम मेरेडिथ, २५वर रॉबर्ट वॉकर, ५०वर विल्यम क्रॉफर्ड. तिघेही अमेरिकेचे माजी अर्थमंत्री. वापरलेल्या अवस्थेतली १० किंवा २५ सेंटची नोट साधारण वीस-तीस डॉलरच्या आसपास मिळते आणि तीनच नोटांत एक मालिका पुरी होते. कॉलेजच्या वयात एक काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान मोठं असतं. पुढची वाट त्यानंच दिसते.

आता त्या १० सेंटच्या मेरेडिथवर जवळून नजर टाक. समोरच्या बाजूला सरकारी तिजोरीची गोल मोहर आहे. काही नोटांवर ती हिरवी, बहुतेकांवर लाल. हिरवी कमी मिळते, म्हणून महाग. लाल मोहरेतही भेद आहे. मोहरेच्या मधल्या ढालीत वर तराजू आणि खाली किल्ली आहे. काही नोटांवर किल्ली लांब आणि बारीक आहे, काहींवर आखूड आणि जाड. २५ सेंटच्या वॉकरवरही हाच फरक. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, नोट खिडकीजवळ धर आणि किल्लीच्या दांड्याकडे पाहा. एकदा दोन्ही शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. संग्राहक या प्रकारांना फ्रीडबर्ग क्रमांकानं, म्हणजे अमेरिकी कागदी चलनाच्या फ्रीडबर्ग सूचीतल्या क्रमांकानं ओळखतात: हिरवी मोहर १२६४, लाल लांब किल्ली १२६५, लाल आखूड किल्ली १२६६. विक्रेत्यानं क्रमांक चुकीचा लिहिलेला अनेकदा आढळतो, म्हणून क्रमांकावर नको, किल्लीवर विश्वास ठेव.

खोट्याबद्दल. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली, त्या काळातल्याच खोट्या नोटा. या नोटांची नक्कल इतकी झाली की सरकारला रचना पुन्हा पुन्हा बदलावी लागली. चौथ्या मालिकेत ५० सेंटवर लिंकनचा चेहरा होता. नकला वाढल्या तशी ती नोट मागे घेतली, मग माजी युद्धमंत्री स्टँटन आणला, मग माजी अर्थमंत्री डेक्स्टर. त्या काळच्या खोट्या नोटांचाही आज वेगळा संग्रह करणारे लोक आहेत. खोटी म्हणून सांगून विकली तर त्यात वावगं काही नाही.

दुसरी, आजकालच्या प्रती. शोभेसाठी छापलेल्या, मुद्दाम पिवळ्या केलेल्या. बँकेत नोट तपासायला जो जांभळा दिवा असतो, त्याखाली धर. हल्लीच्या कागदात पांढरेपणासाठी जे द्रव्य घालतात ते निळसर चमकतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदात ते नव्हतं, त्यामुळे तो मंदच राहतो. दुसरी परीक्षा बोटांची. अस्सल नोटेची छपाई कोरलेल्या पत्र्यावरून झालेली असते, शाई कागदावर किंचित उंच राहते. फार घासलेल्या नोटेवर हे जाणवणार नाही, पण चेहऱ्यावरच्या रेघा भिंगाखाली अखंड दिसतील. प्रतीवर त्याच रेघा ठिपक्याठिपक्यांच्या असतात.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट: अस्सल नोट, पण धुतलेली, दाबून सपाट केलेली, भोकं भरलेली आणि तरीही ‘छान अवस्था’ म्हणून विकलेली. नोट ट्यूबलाइटसमोर धर. टाचणीची भोकं, विरलेले भाग, मागून चिकटवलेला कागद सगळं उजेडात येतं. टाचणीच्या भोकांना मात्र घाबरू नकोस. त्या काळी सुटे कागद टाचणीनंच एकत्र ठेवत. दोन-तीन घड्या, मऊ पडलेले कोपरे, एखादं भोक, अशी प्रामाणिक वापराची नोट बेधडक घे. इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत आणि किमतीनं स्वस्त दिसली तर थांब.

प्रमाणित करून कठीण प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेल्या नोटाही मिळतात. सत्तर गुणांच्या मापावर त्यांची अवस्था लिहिलेली असते. वीस-तीस डॉलरच्या नोटेसाठी त्या आवरणाचे पैसे देऊ नकोस. शंभर डॉलरच्या पुढं गेलीस तर जरूर दे. आणि काहीही घेण्यापूर्वी मोठ्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांच्या नोंदी चाळ. तिथं त्याच नोटा कोणत्या अवस्थेत केवढ्याला गेल्या ते चित्रांसह दिसतं. महिनाभर नुसतं पाहत राहिलीस तरी तुझी नजर तयार होईल.

पाच सेंटच्या नोटेवर एका कारकुनानं स्वतःचाच फोटो छापून घेतला, अशी गोष्ट वाचली. वर्गात सांगायची आहे, खरी असेल तरच सांगेन.
– एक शिक्षक, कराड

सर, खरी आहे. फक्त ‘कारकून’ म्हणू नका. स्पेन्सर क्लार्क हा चलन छपाई विभागाचा प्रमुख होता, मोठ्या पदावरचा माणूस. तिसऱ्या मालिकेतल्या ५ सेंटच्या नोटेवर त्याचा दाढीवाला चेहरा आहे आणि खाली नुसतं ‘क्लार्क’. वरिष्ठांना वाटलं की हा क्लार्क म्हणजे लुइसच्या जोडीनं पश्चिमेकडची वाट शोधणारा विल्यम क्लार्क, अशीही एक कथा सांगतात. ती मुलांना सांगाल तर कथा म्हणूनच सांगा.

काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मात्र खरोखरच संताप उसळला. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी रसेल थेयर यांनी विषय लावून धरला आणि ७ एप्रिल १८६६च्या कायद्यानं जिवंत व्यक्तीचा चेहरा सरकारी चलनावर छापायला बंदी झाली. आता हेही वर्गात सांगण्याजोगं आहे की क्लार्क एकटा नव्हता. त्याच मालिकेत २५ सेंटवर अर्थमंत्री राहिलेले फेसेंडेन आणि ५० सेंटवर आपले वरचे स्पिनर, दोघेही तेव्हा हयात. राग निघाला तो पाच सेंटवाल्यावर. काही आठवड्यांत, १६ मे १८६६ला, निकेलचं पाच सेंटचं नाणं मंजूर झालं आणि दहा सेंटच्या आतल्या नोटा काढणं बंद झालं. म्हणजे क्लार्कची नोट दोन्ही बाजूंनी संपली. ती आजही बऱ्यापैकी मिळते, लाल पाठीची आणि हिरव्या पाठीची.

स्पिनरबद्दल एक गोष्ट मुलींना आवर्जून सांगा. नोटा मोठ्या तावांवर छापल्या जायच्या आणि हातानं कात्रीनं कापाव्या लागायच्या. पुरुष युद्धावर गेलेले. १८६२मध्ये स्पिनरनं या कामावर जेनी डग्लस नावाच्या बाईंना घेतलं आणि मग त्यांच्यामागोमाग कितीतरी स्त्रिया अमेरिकेच्या सरकारी तिजोरीत नोकरीला लागल्या. काउंटरच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्यासारख्या बाईला स्पिनरची नोट हातात घेताना त्याचा चेहरा परका वाटत नाही. स्पिनरची सहीदेखील पाहण्याजोगी आहे, लांबलचक, वळणावळणाची. तिसऱ्या मालिकेतल्या काही नोटांवर अधिकाऱ्यांनी शाईनं हातानं केलेल्या सह्याही सापडतात.

माझे मामा शिकागोहून आले तेव्हा त्यांनी एक ५० सेंटची नोट दिली. समोरची छपाई उत्तम आहे, पण मागं कोरी. इथल्या एकानं सांगितलं की ही अर्धवट छापलेली, टाकाऊ. फेकून देऊ का?
– एक वाचक, मिरज

अजिबात फेकू नका. मागं कांस्याच्या अक्षरांत काही छापलेलं दिसतं का, ते आधी उजेडात तिरपं धरून पाहा. इंग्रजीत ‘स्पेसिमेन’ असं असेल, तर हा सरकारनं जाणूनबुजून एका बाजूनं छापलेला नमुना आहे.

१८६६च्या सुमारास सरकारनं एक फार देखणी वस्तू तयार केली. ढालीच्या आकाराच्या छापील तक्त्यावर एका बाजूनं छापलेल्या ३९ नमुना नोटा चिकटवायच्या, काही समोरच्या, काही मागच्या, आणि तो तक्ता चौकटीत घालून बँकांना विकायचा. किंमत साडेचार डॉलर. कॅशियरच्या मागच्या भिंतीवर तो लावलेला असायचा. संशयाची नोट आली की मागं वळून तिच्याशी ताडून पाहायची. मला जर कोणी या विषयातली एकच वस्तू देतो म्हणालं, तर मी ती ढाल मागेन. राखाडी पार्श्वभूमीची त्यातल्या त्यात आढळते, गुलाबी आणि हिरवी दुर्मीळ.

पुढं पुष्कळ ढाली ओलाव्यानं खराब झाल्या, काहींवरच्या नोटा काढून सुट्या विकल्या गेल्या. तुमची नोट तशी असेल तर समास अरुंद असेल आणि मागं गोंदाचे डाग असतील. समास रुंद असेल तर ती सुट्या विकलेल्या नमुन्यांपैकी. रुंद समासाचीला भाव जास्त. नोट उजेडासमोर धरल्यावर कागदात जलचिन्हाची ‘सी.एस.ए.’ (कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका) ही तीन अक्षरं दिसली तर मला छायाचित्र जरूर पाठवा. यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांसाठी निघालेला कागद उत्तरेच्या नौदलानं वाटेत पकडला आणि त्याच कागदावर उत्तरेनं हे नमुने छापले. शत्रूचाच कागद!

मागं अक्षरं, जलचिन्ह, गोंद काहीच नसेल तर जांभळ्या दिव्याची परीक्षा करा आणि मग निर्णय घ्या. मामांना मात्र आत्ताच विचारून ठेवा की ती कुठून घेतली होती. नोटेचा मागचा प्रवास लिहून ठेवला नाही तर एका पिढीत पुसला जातो.

२०१९च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलं. वडिलांचा परदेशी नोटांचा अल्बम भिजला. पानं एकमेकांना चिकटली आहेत, अजून तशीच आहेत. काही करता येईल का? पुढं कशी ठेवावीत?
– एक वाचक, सांगली

कृष्णेचं पाणी घरात येणं म्हणजे काय, हे सांगलीकराला सांगायला नको. वडिलांचा अल्बम तुम्ही टाकला नाहीत, हे फार चांगलं केलंत.

चिकटलेली पानं हातानं ओढू नका. नखानं, पट्टीनं, सुरीनं काही नाही. अल्बमचं पान कात्रीनं कापून एकेक खिसा वेगळा करा, नोट न हलवता. जिथं प्लास्टिक चिकटलंय तो तुकडा तसाच ठेवा. अमेरिकेच्या या नोटांचा कागद चांगला आहे आणि छपाईची शाई साध्या पाण्यानं सहसा जात नाही. दुसऱ्या मालिकेतली कांस्याची भुकटी मात्र ओल्या बोटानं पुसली जाते, तिला स्पर्शही करू नका. खूप मोलाची नोट असेल तर कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडेच न्या. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांत चौकशी केली तर नाव मिळतं. एरवी कधी नव्यानं भिजलीच, तर टीपकागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. टीपकागद बदलत राहा. ऊन नको, इस्त्री तर नकोच.

पुढं ठेवताना: बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे खिसे टाळा. ते पीव्हीसीचे असतात आणि काही वर्षांत त्यांतून चिकट द्रव सुटतो. पॉलिस्टरचे कडक, वास नसलेले खिसे घ्या, मायलर म्हणून मागितले की मिळतात. नोट कधीही लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका, पाठीमागंसुद्धा नाही. डांबराच्या गोळ्या नोटांच्या डब्यात टाकू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदला. कसर लागली का ते दिवाळीच्या साफसफाईत एकदा पाहा. आणि गावभागात राहता म्हणून सांगते, कपाटाचा सगळ्यांत वरचा कप्पा नोटांना द्या. प्रत्येक नोटेची दोन्ही बाजूंची छायाचित्रं काढून मुलाच्या किंवा बहिणीच्या फोनमध्येही ठेवा.

अशा नोटा बाहेरून मागवणं कायदेशीर आहे का? आणि अमेरिकेत त्या आजही चालतात हे खरं का?
– एक वाचक, तासगाव

चालतात, दर्शनी किमतीला. पण वीस-तीस डॉलरला घेतलेली नोट दहा सेंटला कोण खपवेल! एकंदर सुमारे ३६ कोटी ८७ लाख डॉलरच्या अशा नोटा निघाल्या. १८७६पासून चांदीची नाणी देऊन त्या परत घेतल्या आणि जवळपास वीस लाख डॉलरच्या परत आल्याच नाहीत. आपण जमवतो त्या या न परतलेल्यांपैकी.

मागवताना पाकिटावर वस्तूचं खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगा. ‘भेटवस्तू’ असं खोटं लिहून घेऊ नका. सीमाशुल्क लागू शकतं, ते हिशेबात धरा. काही कुरियर कंपन्या कोणत्याही प्रकारचं चलन स्वीकारत नाहीत, म्हणून आधी विचारा. परकीय चलन बाळगण्याच्या नियमांत दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटांना मुभा आहे आणि सेंटांच्या नोटांची बेरीज तिथं पोचणार नाही. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर मात्र आपल्याकडे १९७२चा कायदा आहे. उद्या संग्रह बाहेर विकायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

आजी, आपल्या देशात असं कधी झालं होतं का? मी नववीत आहे.
– एक वाचक, वाई

झालं होतं. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि रुपयाच्या नाण्याला चांदी पुरेना. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची कागदी नोट निघाली. तिच्यावर काय छापलं होतं, तर पाचव्या जॉर्जचं रुपयाचं नाणं! तिकडं तिकिटाचं चित्र, इकडं नाण्याचं. लोकांना ओळखीची वस्तू दाखवली की कागदावर विश्वास बसतो. तुझ्या घरात एक रुपयाची नोट असेल तर बघ, तिच्यावरही नाणं आहे. त्याच सुमारास अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोटही निघाली होती. ती आज भल्याभल्या संग्राहकांकडे नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा चिल्लर संपली. तेव्हा मोरवी, जुनागढ, बुंदी अशा संस्थानांनी पैसा-आण्याची कूपनं काढली, जाडसर कागदाची, अगदी लहान. तुझ्या पणजीच्या पेटीत, पोथीच्या पानांत, जुन्या हिशेबाच्या वहीत असा एखादा तुकडा निघू शकतो. घरच्यांना विचारून शोध. सापडला तर दोन्ही बाजूंची छायाचित्रं शेजारी पट्टी ठेवून काढ आणि ती पाठव. मूळ कागद टपालानं पाठवू नकोस.